पंढरपूरपर्यंतची रांग आणि ६ सेकंद

मित्रांनो, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक. एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट चालवतो आणि वार किती लागला ते फासे सांगतात. हा खेळ खेळणाऱ्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं की शेजारी भौतिकशास्त्राची वहीही उघडावी, हे सांगायला मी आज उभा आहे. त्यात फार मजा आहे.

लढाईची एक फेरी ६ सेकंदांची. तेवढ्यात प्रत्येकाला पाळी मिळते, मग माणसं १० असोत की १० हजार. शिवाय ‘मागच्यानं दिलं की मी पुढच्याला देईन’ अशी तयारी करून थांबता येतं. यातून खेळाडूंनी एक तोफ शोधली. शेतकऱ्यांची रांग लावायची आणि भाला हातोहात पुढे सरकवायचा.

आपण ही रांग सोलापूरहून मोहोळमार्गे पंढरपूरपर्यंत लावू. अंतर सुमारे ७० किलोमीटर. एका माणसाला पटावरचं ५ फुटांचं घर, म्हणजे साधारण ४६ हजार माणसं लागतील. आषाढीला त्या वाटेवर माणसांची वाण पडायची नाही! भाला ६ सेकंदांत पंढरपुरात पोचला, तर वेग झाला सेकंदाला साडेअकरा किलोमीटरहून जास्त. पृथ्वीचा मुक्तिवेग, म्हणजे तिच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. हवा आड आली नाही, तर भाला चंद्रभागा ओलांडून थेट अवकाशात जाईल. पुस्तकात त्याचं वजन ३ पौंड आहे. ऊर्जा काढली तर सुमारे २२ किलो टीएनटी या स्फोटकाइतकी भरते.

आता नियम काय म्हणतो? शेवटच्या माणसानं भाला फेकला, तर एक सहा बाजूंचा फासा टाका. इजा १ ते ६.

मला इथं नियमाचीच बाजू बरोबर वाटते. प्रत्येकानं भाला हातात घेतला, म्हणजे तो प्रत्येक हातात थांबला. शेवटी त्याला वेग मिळतो तो शेवटच्या माणसाच्या दंडातला, आधीच्या हातांचा त्यात काही वाटा नाही. सरासरी वेग आणि त्या क्षणाचा वेग यांतला फरक अकरावीच्या पोरांना समजावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. खरी अडचण निराळीच आहे. एकेका माणसाच्या वाट्याला सेकंदाचा सात-हजारावा भाग येतो, आणि तेवढ्यात भाला ५ फूट हलवायचा तर गुरुत्व त्वरणाच्या कोटीपटीहून जास्त त्वरण द्यावं लागतं. एवढ्यानं हात खांद्यापासून निखळेल, पण त्यासाठी पुस्तकात फासा नाही.

पडण्याचा नियम मात्र चकित करतो. दर १० फुटांना एक फासा, जास्तीत जास्त २०. उंची दुप्पट तर इजा दुप्पट. पडणाऱ्या वस्तूची ऊर्जाही उंचीच्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे नियम इथवर अचूक आहे. वरची मर्यादाही योग्यच, कारण हवेच्या विरोधामुळे वेग एका टप्प्यावर स्थिरावतो. फक्त ती फार लवकर येते. २०० फुटांवरून पडलेल्याचा वेग ताशी १२५ किलोमीटरच्या आसपास असतो, आणि माणसाचा अंतिम वेग ताशी २०० च्या घरात. ऊर्जेच्या हिशेबानं सुमारे ५० फासे हवेत.

आणि आता माझा सगळ्यात आवडता नियम. पाचव्या आवृत्तीत चौकटीवर खेळताना तिरकं घरही ५ फुटांचंच मोजतात. पायथागोरस तिथं ७ फुटांहून थोडं जास्त सांगतो. म्हणून २० फूट त्रिज्येचं वर्तुळ या जगात चौरस होतं. व्यास ४० फूट, परीघ १६० फूट, म्हणजे पाय् बरोबर ४! गंमत इथं संपत नाही. नकाशा ४५ अंशांत फिरवला की तीच वाट लांब किंवा आखूड होते, म्हणजे सगळ्या दिशा सारख्या राहिल्या नाहीत. गणितज्ञ एमी नोएथर यांनी १९१८ साली दाखवून दिलं की कोनीय संवेग, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचा फिरण्याचा जोर, अक्षय्य राहतो तो सगळ्या दिशा सारख्या असतात म्हणून. तेव्हा या जगात भोवरा फिरत राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही. मांत्रिकाच्या आगीच्या गोळ्यापेक्षा मला हे कितीतरी अद्भुत वाटतं.

२००३ च्या आवृत्तीत तिरकी घरं आलटून पालटून ५ आणि १० फूट मोजत. तिथं वर्तुळाचा अष्टकोन होतो आणि लांब अंतरांवर पाय् ३.३३ येतो. षटकोनी घरं आखलीत तर ३. घरी चौकटीचा कागद घ्या आणि मोजून बघा, खऱ्या ३.१४ च्या जास्त जवळ षटकोनच जातो.