मोंढ्यातली पट्टी

(दृश्य : जालन्याचा नवा मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार. सकाळ. सोयाबीनची पोती, हमालांची लगबग.)

हर्राशीला अजून तासभर आहे. या अडतीच्या गाळ्यात मुनीमजींनी उदबत्ती लावून कम्प्युटर चालू केलाय. निळा पडदा, पांढरी अक्षरं. एका ओळीत ८०, अशा २५ ओळी. माउस लागतच नाही.

हिशेबाचा हा प्रोग्राम १९९६ साली गावातल्याच एका पोरानं फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या साधनात लिहिला. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, भाव. त्यातून हमाली गेली, तोलाई गेली, पेरणीच्या वेळची उचल गेली, की उरेल ते हातात. त्या कागदाला म्हणायचं पट्टी.

मागच्या दिवाळीला जुना कम्प्युटर बसला. नव्यानं हा प्रोग्राम दारातच अडवला. जालन्यात कम्प्युटर दुरुस्त करणारा मी, म्हणून शेठजींनी मला बोलावलं. म्हणाले, "बाबा, सगळे म्हणतेत नवा प्रोग्राम घ्या. पण ह्याच्यात माझ्या बापाच्या हातचे खातेदार हाईत. त्यांला कुठं टाकू?"

त्यानंतर मला ते काम सोडवेना.

प्रोग्राम डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधी कम्प्युटर ज्यावर चालायचे त्या प्रणालीचा. १९८५च्या ३८६ प्रोसेसरपासून जुन्या ८०८६ चिपचं सोंग घ्यायची सोय चिपमध्येच होती, तिच्या जोरावर विंडोज डॉसचे प्रोग्राम चालवायचं. चिप ६४ बिटांत चालायला लागली की ती सोय बंद. आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच येतं.

(दृश्य : जुना उर्दू कागद, त्यावरून फिरणारं बोट.)

परक्या घरात प्रोग्राम चालवायची एक तऱ्हा मराठवाड्याला समजावून सांगावी लागत नाही. निजामकाळातला जमिनीचा उर्दू कागद घेऊन माणूस जाणत्याकडं जातो. तो ओळ वाचतो आणि मराठीत सांगतो. १९९३ साली सुरू झालेलं 'वाइन' नावाचं सॉफ्टवेअर हेच करतं. विंडोजचा प्रोग्राम जे मागेल ते लिनक्स या दुसऱ्या प्रणालीला तिच्या भाषेत सांगतं. प्रोसेसरचं सोंग ते घेत नाही, म्हणून नावाची फोडच अशी करतात : 'वाइन इज नॉट ॲन इम्युलेटर', म्हणजे वाइन हे सोंग घेणारं नव्हे.

आमचं काम दुभाष्यावर भागणारं नव्हतं. या प्रोग्रामला त्याचं जुनं घरच पाहिजे होतं. २००२ साली आलेलं डॉसबॉक्स ते घर उभं करतं. प्रोसेसर, ६४० केबीची मेमरी, कीबोर्ड, पडदा आणि खुद्द डॉस, सगळं सॉफ्टवेअरमध्ये. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बांधलेलं, त्यात प्रिंटरची सोय नाही. पट्टी निघाली नाही तर मोंढ्यात त्या घराचा काय उपयोग? म्हणून त्याचाच पुढचा अवतार घेतला, डॉसबॉक्स-एक्स.

पहिल्याच खेपेला पडद्यावर आलं, 'डिव्हाइड बाय झिरो'. मी हादरलो. मग कारण सापडलं. जुना फॉक्सप्रो चालू होताना एक लहानसं काम करून त्याला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्या वेळानं भागतो. आजच्या मशीनवर ते काम इतक्या झटक्यात उरकतं की वेळ शून्य भरतो. मी डॉसबॉक्स-एक्सचा वेग उतरवत गेलो. एका टप्प्यावर निळा पडदा उघडला. मुनीमजी खुर्चीवरून उठून उभेच राहिले.

पण नावं वाचता येईनात. नावांच्या जागी चिन्हांचा नुसता गाळ.

शेतकऱ्याला आपली पट्टी वाचता यावी म्हणून शेठजींच्या वडिलांनी त्या काळी महागाचं जिस्ट कार्ड बसवलं होतं. आयआयटी कानपूरला जन्मलेलं आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं वाढवलेलं हे तंत्र. डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची ती या कार्डामुळं. कार्ड जुन्या कम्प्युटरबरोबर गेलं, आणि त्याचं सोंग डॉसबॉक्सला येत नाही.

तरी नावं पुसली गेली नव्हती. फाइलमध्ये ती इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात होती, प्रत्येक अक्षराला एक आकडा. आजच्या युनिकोड संकेताचा देवनागरी तक्ता १९८८च्या इस्कीवरूनच बेतलेला आहे, त्यामुळं कोणत्या आकड्याचं कोणतं अक्षर ते लावत जाता येतं. तीन रात्री तेच केलं. आता प्रोग्राम पट्टी फाइलमध्ये छापतो, माझा एक छोटा प्रोग्राम अक्षरं बदलतो आणि ती प्रिंटरकडं धाडतो. पडद्यावर अजून गाळच दिसतो. मुनीमजींचं त्यावाचून अडत नाही, त्यांना खात्यांचे नंबर पाठ आहेत.

(दृश्य : डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. करकर आवाज. कागद हळूहळू वर येतो.)

पहिली पट्टी निघाली ती १९९७ची. तूर, अकरा पोती, गाव परतूर. शेठजींनी ती डोळ्यांजवळ धरली. "हे खातं बापानं उघडलेलं," म्हणाले.

मग मुनीमजींकडं वळून : "याच्या पोराचं खातं काढा बरं. आज माल आलाय त्याचा."