मुक्या यंत्राचा भरवसा

श्रोतेहो, नमस्कार. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे येतं ते गप्पा मारणारं यंत्र. विचाराल ते सांगणारं, आणि ठाऊक नसलं तरी तितक्याच ठसक्यात सांगणारं. आज मला बोलायचंय ते एका मुक्या यंत्राबद्दल. त्याचं नाव अल्फाफोल्ड.

आपल्या शरीरातलं प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. माळ ओवली गेली की ती आपली आपण गुंडाळते, आणि तो आकार पाहून तिचं काम कळतं. हा आकार प्रयोगशाळेत शोधायचा तर महिनोन्‌महिने जातात, कधी वर्षंही. अल्फाफोल्ड तो नुसत्या मण्यांच्या क्रमावरून काढतं.

पण खरा कशावरून मानायचा? इथे मला मौज वाटते. १९९४पासून दर दोन वर्षांनी शास्त्रज्ञ आकार ओळखण्याची एक परीक्षा घेतात, तिचं नाव कॅस्प. उत्तर प्रयोगशाळेत मिळालेलं, पण अजून कुठेही छापून न आलेलं. त्यामुळे पेपर फुटायची सोय नाही! २०२०च्या परीक्षेत अल्फाफोल्डचे बरेच आकार प्रयोगाशी जवळजवळ तंतोतंत जुळले. २०२४ साली डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, तो याच कामासाठी.

मला मात्र नोबेलपेक्षा त्याचे रंग भावतात. हे यंत्र आकार काढतं आणि तो रंगवून देतं. खात्री आहे तिथे गडद निळा, मग फिकट निळा, पिवळा, आणि भरवसा नाही तिथे नारिंगी. एकाच प्रथिनात निळंही असतं, नारिंगीही. संशोधक नारिंगी भागावर विसंबून राहत नाहीत. आणि त्यातले पुष्कळसे तुकडे खरोखरच असे निघतात, की त्यांना एक ठरलेला आकारच नसतो.

मर्यादाही सांगतो. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या माळेत एकच मणी बदलला की सिकलसेल हा रक्ताचा आजार होतो. गडचिरोली-नंदुरबारच्या श्रोत्यांना हा आजार मी काय समजावणार! पण अशा एका मण्याच्या बदलाने काय घडेल, हे सांगायला अल्फाफोल्ड बनवलेलंच नाही.

आता फोनवरच्या त्या बोलक्या यंत्राला उद्या एखाद्या औषधाबद्दल विचारून पाहा. उत्तर सफाईदार येईल. त्यातलं नारिंगी कुठलं, ते मात्र तुम्हालाच शोधावं लागेल.