बॅरनच्या पाठीमागचं रान

[दृश्य: पहाट. गडद समुद्र. क्षितिजावर माथा छाटलेला एक डोंगर, त्यावर धुराची बारीक रेघ.]

रात्रभर बोट ईशान्येला चालली आहे. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आजचं श्री विजयपुरम, सुमारे १४० किलोमीटर मागे पडलंय. मोबाइलची रेंज केव्हाच गेली. आता चहूकडे पाणी, आणि उजाडता उजाडता समोर उभा राहिलेला हा डोंगर. माथा असा, की कुणी कोयत्याने उडवावा. त्या माथ्यामागून धूर वर येतो आणि वाऱ्याबरोबर वाकतो.

हे बॅरन बेट. भारताच्या हद्दीतला एकमेव जागृत ज्वालामुखी. इथे कुणी राहत नाही.

या टोकापासून त्या टोकापर्यंत बेट जेमतेम ३ किलोमीटर. क्षेत्रफळ ८ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. सगळ्यात उंच जागा ३५४ मीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हा डोंगर समुद्राच्या तळापासून उठलाय, आणि तळ इथे सुमारे २,२५० मीटर खोल आहे. अडीच हजार मीटरहून उंच पर्वताचा नुसता शेंडा आपण पाहतोय. किनाऱ्याला लागूनच पाणी एकदम खोल होतं, त्यामुळे नांगर धरायला जागा मिळणं कठीण. बोटी येतात, बेटाला फेरी घालतात आणि परततात.

आपणही फेरीच घालणार आहोत. पश्चिमेकडून सुरुवात करू, कारण आजवर जवळजवळ प्रत्येकाने या बेटाला तिकडूनच पाहिलंय.

[दृश्य: पश्चिम किनारा. दोन उंच कड्यांमधली रुंद खिंड. आत काळा शंकू. खिंडीतून समुद्रापर्यंत उतरलेला काळा दगडांचा लोंढा.]

इथे डोंगराची भिंत फुटलेली आहे. एरवी हे बेट म्हणजे कडे वर आलेला एक प्रचंड वाडगा. सुमारे २ किलोमीटर रुंद, आणि भिंती २५० ते ३५० मीटर उंच. भूवैज्ञानिक याला कॅल्डेरा म्हणतात. फार पूर्वी, हिमयुगांच्या काळात, इथे एक महास्फोट झाला आणि त्यातून हा खळगा तयार झाला. त्याच्या मधोमध आज जो काळा शंकू दिसतो तो त्यानंतरचा. राख आणि दगडगोटे उडून, पुन्हा तिथेच पडून, ढीग साचत साचत तो उभा राहिला. प्रत्येक उद्रेकात त्याचा आकार थोडा बदलतो. म्हणून या बेटाचं जुनं चित्र आणि आजचा फोटो शेजारी ठेवले, तर मधला डोंगर ओळखू येत नाही.

लाव्हा भिंती चढू शकत नाही. तो उताराला लागतो, खळग्यात पसरतो आणि या पश्चिमेच्या खिंडीतून समुद्रात उतरतो. समोर दिसतोय तो लोंढा तसाच थिजलेला आहे. जवळून पाहिलं तर हा दगड गुळगुळीत नाही, फुटक्या विटांच्या राशीसारखा धारदार आहे. त्यावर एक गवताची काडीही दिसत नाही.

बॅरन म्हणजे ओसाड, वांझ. हे नाव नकाशावर कुणी आणि कोणत्या क्षणी घातलं असेल याचा मी बराच विचार केलाय. माझा अंदाज असा, की तो माणूस इथेच, या खिंडीसमोर, जहाजाच्या कठड्याला रेलून उभा असणार. इथून दुसरं नाव सुचणारच नाही.

नावाची आणखी एक गंमतशीर गुंतागुंत आहे. इथून सुमारे १३५ किलोमीटर उत्तरेला नारकोंडम नावाचं दुसरं ज्वालामुखी बेट आहे. तो ज्वालामुखी निवलेला. बेट शेंड्यापर्यंत हिरवंगार, ७१० मीटर उंच, आणि नारकोंडम धनेश हा जगात फक्त तिथेच राहणारा पक्षी. नारकोंडम हा शब्द 'नरककुंड' यावरून आला असावा, असा एक जुना तर्क आहे. आता धनेशांच्या त्या रानाला नरककुंड कोण म्हणेल? म्हणून काही अभ्यासकांना वाटतं, की हे नाव मुळात या धगधगत्या बेटाचं असावं आणि खलाशांच्या तोंडून, नकाशांच्या नकलांमधून ते शेजारच्या बेटाला चिकटलं.

[दृश्य: नकाशा. अंदमानच्या बेटांची रांग, तिच्या पूर्वेला दोन एकाकी ठिपके.]

हे दोन ठिपके बाकीच्या अंदमानपासून असे फटकून का? कारण त्यांचा जन्मच वेगळा आहे. वस्ती असलेली अंदमानची मोठी बेटं प्रामुख्याने समुद्रतळाचा गाळ आणि खडक घड्या पडून वर ढकलले गेल्यामुळे झाली. त्यांच्या पश्चिमेला भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, बर्मा नावाच्या छोट्या भूपट्टाखाली शिरतोय. खाली जाताना तो खडकांमध्ये मुरलेलं पाणी बरोबर नेतो. खोलवर तापल्यावर ते पाणी सुटतं आणि वरच्या तप्त खडकात झिरपतं. पाणी मिसळलं की तो खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळू लागतो. असा शिलारस वर येतो तो खचणाऱ्या पट्टाच्या काठावर येत नाही, थोडा आत, पूर्वेला येतो. म्यानमारमधल्या माउंट पोपापासून सुमात्रा आणि जावापर्यंत ज्वालामुखींची जी माळ आहे, तिचे हे दोन मणी.

या काळ्या दगडाची मराठी माणसाला ओळख आहे. सह्याद्रीचे कडे ज्या बेसाल्टचे, त्याच जातीचा हा खडक. फरक वयाचा. सह्याद्रीतला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवला. इथला काही ठिकाणी तुमच्या-माझ्या हयातीत निवलाय.

लिखित नोंदी १७८७ पासून मिळतात. १७८९ मध्ये अंदमानची पाहणी करणाऱ्या आर्चिबाल्ड ब्लेअरने हा डोंगर भडकलेला पाहिला. पोर्ट ब्लेअरचं नाव त्याच्यावरूनच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही उद्रेक होत राहिले, पुढे तो शांत होत गेला. १८८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा मॅलेट आणि नकाशे काढणारा कॅप्टन हॉबडे इथे आले, तेव्हा डोंगर निजलेला होता. किनाऱ्यावर गरम पाण्याचा झरा आणि शंकूच्या तोंडाशी गंधकाची पिवळी पुटं, एवढीच काय ती धग शिल्लक. मग शंभर वर्षं गेली. तो विझला असंच लोकांनी धरून चाललं.

१९९१ मध्ये तो उठला. वसंतात सुरू झालेला उद्रेक पावसाळा संपेपर्यंत चालला आणि लाव्हा पुन्हा समुद्राला जाऊन मिळाला.

[दृश्य: राखेने माखलेली, पानं गळालेली झाडं. मग हळूहळू कॅमेरा वळतो, बोट दक्षिणेचं टोक ओलांडते.]

त्यानंतर दीड वर्षाने, १९९३ च्या एप्रिलमध्ये, सर्वेक्षण पथक बेटावर उतरलं. आधी इथे पक्ष्यांच्या १६ जातींची नोंद होती. पथकाला ६ दिसल्या. रात्री लावलेल्या सापळ्यांत उंदीर मिळाले, एकाच जातीचे, जहाजांबरोबर जगभर गेलेले. पण त्याच अहवालात कीटकांच्या ५१ जाती आहेत. मला हा आकडा पक्ष्यांच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. ज्या बेटावर राख पडून दोन वर्षंही झाली नव्हती, तिथे ५१ प्रकारचे किडे काहीतरी खात होते. काय खात होते?

त्याचं उत्तर आता दिसेल. दक्षिणेचं टोक मागे टाकून आपण पूर्वेला आलोय.

[दृश्य: पूर्वेचा उतार. पाण्यापासून माथ्यापर्यंत झाडी. क्षणभर निवेदन थांबतं. लाटांचा आणि पक्ष्यांचा आवाज.]

हेच ते बेट. तोच डोंगर, त्याच भिंतीची बाहेरची बाजू.

भिंत मध्ये आहे, म्हणून लाव्हा इकडे येत नाही. येते ती राख. आणि राखेचं वागणं लाव्हापेक्षा पुष्कळ वेगळं. लाव्हा जिथे जातो तिथलं सगळं गाडून टाकतो आणि मागे सोडतो तो कातळ. पातळ थरात पडलेली राख पानं जाळते, फांद्या मोडते, पण मुळं बहुतेक वेळा शाबूत राहतात. पुढच्या पावसात तीच राख भिजते, झिजते आणि मातीत खनिजं सोडते. अंदमानात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा भिजायला कमी नाही.

राख कुठे पडणार हे वारा ठरवतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यात उद्रेक झाला तर ती ईशान्येच्या रानावर येते. थंडीत वारा फिरला की नैऋत्येला. कोणत्या उतारावरचं रान कोवळं आणि कुठलं जुनं, हे कोणत्या ऋतूत डोंगर भडकला यावर बरंचसं अवलंबून आहे. जिवंत झाडांचा नकाशा म्हणजे गेल्या उद्रेकांची वहीच.

एवढा पाऊस पडूनही इथे ओढे नाहीत. सच्छिद्र दगड आणि सैल राख पाणी पिऊन टाकतात. वर वाहणारं पाणी पावसाची सर थांबली की नाहीसं. प्राण्यांसाठी ही खरी अडचण, आणि ज्यांना ती सर्वांत जास्त भोगावी लागली ते प्राणी स्वतःहून आलेच नव्हते.

[दृश्य: कड्याच्या पायथ्याशी दगडांवरून चालणाऱ्या शेळ्या.]

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोर्ट ब्लेअरहून आलेल्या एका बोटीने इथे शेळ्या सोडल्या. त्या काळी निर्जन बेटांवर अशी जनावरं सोडत, म्हणजे जहाज फुटून कुणी किनाऱ्याला लागलाच तर त्याला अन्न मिळावं. शेळ्या टिकल्या. १९९१ चा उद्रेकही त्यांनी काढला. त्यांना समुद्राचं खारं पाणी पिताना भूवैज्ञानिकांनी पाहिलंय. बेटाच्या आग्नेय बाजूला गोड्या पाण्याच्या झऱ्यांचीही नोंद आहे. काही झालं तरी खारं पाणी पिऊन राखेच्या डोंगरावर दिवस काढणाऱ्या या जनावराबद्दल मला आदरच वाटतो.

आणि तरीही, त्या इथे नको होत्या. राखेतून वर आलेलं रोप पहिल्या पावसाळ्यात चार पानांचं असतं. शेळीला तेवढंच पुरतं. उंदीर बिया आणि अंडी खातात. ज्वालामुखी एका बेटाला जे करतो त्यातून सावरण्याची रीत निसर्गाकडे आहे. कोट्यवधी वर्षांची सवय आहे ती. कोवळं रोप रोज खुडलं जाण्याची सवय मात्र या रानाला नाही. हे बेट आज वन्यजीव अभयारण्य आहे आणि पर्यटकांना उतरायला परवानगी नाही, बोटीतूनच पाहायचं. दूर राहण्याचा हा नियम अगदी योग्य आहे.

[दृश्य: पाण्याखाली. काळ्या दगडावर प्रवाळांचे गुच्छ. वरून सरकत जाणारा मोठा मांटा रे मासा.]

पाण्याखाली तर 'ओसाड' हे नाव चुकीचं आहे याबद्दलची उरलीसुरली शंकाही फिटते. इथलं पाणी इतकं नितळ आहे, की डायव्हिंग करणारे लांबून या बेटाकडे येतात. प्रवाळाच्या पिल्लाला घर करायला टणक, स्वच्छ पृष्ठभाग लागतो. चिखल नको, वाळू नको. समुद्रात उतरून निवलेला लाव्हा म्हणजे नेमकी तशी जागा. वर ज्या दगडावर गवताची काडी नव्हती, त्याच दगडाच्या पाण्यातल्या टोकावर प्रवाळांची बाग फुललेली दिसते. जमिनीवर रान माजायला जेवढा काळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी समुद्र कामाला लागतो. अर्थात पुढचा लोंढा आला की ही बागही गाडली जाईल.

आणि लोंढे येतच असतात. १९९४-९५ मध्ये पुन्हा उद्रेक झाला. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ महाभूकंप झाला, त्सुनामी आली, आणि पाच महिन्यांनी, २००५ च्या मे अखेरीस, बॅरन परत भडकलं. त्या भूकंपाने शिलारसाला वाट करून दिली असावी, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण डोंगर १९९१ पासूनच जागा होता, हेही लक्षात ठेवायला हवं. २००५ नंतर तो अधूनमधून धुमसतोय. २०२५ च्या सप्टेंबरातही धुमसला.

२३ जानेवारी २०१७ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 'सिंधु संकल्प' या जहाजावरून बेटाजवळच्या समुद्रतळाचे नमुने घेत होते. अचानक डोंगराने राख उडवायला सुरुवात केली. त्यांनी जहाज सुमारे एक मैलावर नेलं आणि पाहत राहिले. दिवसभर फक्त राखेचे ढग दिसले. सूर्य बुडाला, आणि तेव्हा कळलं की त्या ढगांत लाल लाव्हा उडतोय, उतारावरून ओघळतोय. उजेडात डोळ्यांना ते दिसतच नव्हतं. भोवतालच्या पाण्याच्या आणि गाळाच्या नमुन्यांत त्यांना ज्वालामुखीचे कोळशासारखे काळे कण सापडले.

[दृश्य: संध्याकाळ. बोट पूर्वेच्या किनाऱ्यापासून दूर जात आहे.]

आपल्याही डोळ्यांसमोर आता अंधार पडतोय. पांढऱ्या अंगाची, काळ्या पंखांची मोठी कबुतरं झाडांवर उतरू लागली आहेत. १९९३ च्या त्या पथकाला सर्वांत जास्त दिसले ते हेच पक्षी. फळं अख्खी गिळतात आणि बेटाबेटांमधलं पाणी ओलांडतात. ती स्थिरावतात, आणि फळं खाणारी मोठी वटवाघळं उठतात. वड-उंबरांच्या कुळातल्या झाडांच्या बारीक बिया असेच पक्षी आणि वटवाघळं पोटातून नेतात.

[दृश्य: मावळत्या उजेडात एक वटवाघूळ. ते रानावरून वर उठतं, भिंतीचा माथा ओलांडतं आणि पलीकडे, काळ्या लाव्हाच्या दिशेने उतरतं.]