मामाची मुलगी बहीण केव्हा झाली?

सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणणाऱ्या किती जणी आहेत इथे? करा हात वर. वा, पुढच्या रांगेतल्या आजींनी तर दोन्ही हात वर केले! आणि सासूला ‘आत्याबाई’? बघा, ज्या घरात मामाच्या नाहीतर आत्याच्या मुलाशी लग्न व्हायचं, त्या घराची ही हाक. लग्नं परक्यात होऊ लागली, तरी हाक राहिली. आणि त्याच मामाच्या मुलीला आपण म्हणतो ‘मामेबहीण’. बहीण! उत्तरेत मामाची मुलगी बहीणच, दक्षिणेत तिच्याशी सोयरीक; मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी महाराष्ट्राला या दोहोंच्या मधला पट्टा का म्हटलं, ते ‘मामंजी’ आणि ‘मामेबहीण’ या दोन शब्दांत दिसतं.

आता गोंडी-माडियाकडे येतो, म्हणजे गोंड आणि माडिया आदिवासींच्या भाषांकडे. त्यांत बाहेरून नात्याचे शब्द शिरले की नात्याचं काय होतं, ते बघायचंय. येण्याआधी एक प्रसंग सांगतो, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी राखीपौर्णिमेला होतो. गुरुजींनी मुलामुलींना समोरासमोर उभं केलं. सहावीतली एक मुलगी राखी हातात घेऊन नुसतीच उभी. समोर तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. गुरुजी मायेनं म्हणाले, “अगं, आतेभाऊ म्हणजे भाऊच की!” तिनं बांधली. संध्याकाळी तिची आजी आली. चिडली नाही, ओरडली नाही. नातीचा हात धरून एवढंच म्हणाली, “तो भाऊ नाही हिचा.” गुरुजींना वाटलं, म्हातारी भांडणापायी नातं नाकारतेय. मी मध्ये बोलायला हवं होतं. बोललो नाही, ते अजून सलतं.

आजीच्या भाषेत चुलतभाऊ हा भाऊ, मावसभाऊही भाऊ. आत्या-मामाची मुलं मात्र त्या शब्दात बसतच नाहीत, ती सोयरिकीच्या बाजूची. मध्य प्रदेश-छत्तीसगडचे गोंड अशा लग्नाला ‘दूध लौटाना’ म्हणतात: एका पिढीत दिलेल्या लेकीचं दूध पुढच्या पिढीत परत येतं. गुरुजींच्या एका ‘भाऊ’नं ते दार लावून घेतलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे जे सांगायला बोलावलं होतंत, ते आता धावत सांगतो.

शब्द उसना आला म्हणून नातं बुडत नाही. ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्याने बस्तरच्या माडियांवरच्या १९३८च्या पुस्तकात कुळांचे दोन गट नोंदवलेत, ‘दादाभाई’ आणि ‘अकोमामा’. अको म्हणजे आईचे वडील. पहिल्या गटात लग्न नाही, दुसऱ्यात होतं. यातले दादा आणि भाई हे शब्द शेजारच्या भाषांतून उसने आलेले, पण काम माडियांचं चोख करतात. घात तिथे होतो, जिथे दोन नात्यांवर एकच शब्द बसतो.

हा बदल आधी हाकेत येतो, मागाहून ओळख सांगण्यात. शाळा, वसतिगृह, टीव्ही, सगळीकडून ‘भाऊ’ येतोय. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार. भाषा बोलणारे एवढे असूनही तिच्यातलं नातं विरू शकतं.

तरुण मंडळी शब्दसंग्रहाला जाणार आहेत, त्यांना एकच विनंती. “मामेभावाला काय म्हणता?” असं विचारू नका, त्यात आपला भाऊ आधीच घुसलेला असतो. विचारा, “आईच्या भावाच्या मुलाला तू काय म्हणतेस? आणि तुझी आजी काय म्हणायची?” दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहून आणा.