दोनशेची नोट, एकशे त्रेसष्ट रुपये परत

(पडद्यावर: भाजीबाजार. काट्यावर बटाटे पडतात, आकडे हलतात आणि स्थिरावतात.)

800 ग्रॅम बटाटे, 20 रुपये किलो. 1 किलो 400 ग्रॅम कांदे, 15 रुपये किलो. गिऱ्हाइकाने 200 ची नोट पुढे केली आहे. परत किती द्यायचे?

व्हिडिओ थांबवा आणि करून पाहा. कागद घ्यायचा नाही, मोबाइल काढायचा नाही. आणि हो, मागे आणखी दोन गिऱ्हाइकं उभी आहेत.

असंच गिऱ्हाईक बनून काही संशोधक कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत गेले. गाड्यावर, दुकानात काम करणाऱ्या मुलांकडून त्यांनी माल घेतला. वजनं मुद्दाम आडवीतिडवी मागितली. किलोचा, अर्ध्या किलोचा भाव मुलांना पाठच असतो. 800 ग्रॅमचा पाठ नसतो, तो काढावाच लागतो. मुलांनी काढला. कोलकात्यात आणि दिल्लीत, दुसऱ्या प्रयत्नापर्यंत 95 ते 98 टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. बटाट्याचे 16, कांद्याचे 21, झाले 37. हे घ्या 163.

असा हिशोब डोक्यात कसा होतो, हे जरा सावकाश पाहू. 800 ग्रॅम म्हणजे किलोला 200 ग्रॅम कमी. किलोचे 20, त्यातून 200 ग्रॅमचे 4 गेले, राहिले 16. कांद्याचं आणखी सोपं: दीड किलो धरा. पंधराची दिडकी, म्हणजे दीडपट, साडेबावीस. शंभर ग्रॅम जास्त धरले होते, त्यांचा दीड रुपया काढा. 21. गुणाकाराची मांडणी नाही, दशांश चिन्ह नाही. जवळची सोयीची संख्या पकडायची आणि जास्तीचं वजा करायचं.

(पडद्यावर: त्याच बाजाराच्या कडेला एक बाक, बाकावर छापील कागद.)

मग याच मुलांना जरा बाजूला घेऊन शाळेच्या पद्धतीची गणितं दिली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. जमलं 32 टक्क्यांना. दोन अंकी संख्येतून दोन अंकी संख्या वजा करा, अशी दोन उदाहरणं. दोन्ही बरोबर आली 54 टक्क्यांची. यातली बरीच मुलं शाळेत जाणारी किंवा शाळा पाहिलेली होती.

आता उलट बाजू. बाजारात कधी काही न विकलेल्या शाळकरी मुलांना हेच दोन्ही प्रकार दिले. पुस्तकी गणितं ती काम करणाऱ्या मुलांपेक्षा चांगली सोडवत होती. खरेदी-विक्रीचा व्यवहार पुढे आला की अडखळत होती. दोन्हीकडे मुलांकडे गणित आहे, पण एकीकडचं दुसरीकडे जात नाही.

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो, बालमानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे संशोधन 2025 साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालं. 1,436 काम करणारी मुलं आणि 471 शाळकरी मुलं त्यात होती. मुलांनी गाड्यावर काम करणं चांगलं, असा अर्थ यातून कोणी काढू नये. ज्या वयात त्यांनी वर्गात असायला हवं, त्या वयात ती काट्यासमोर उभी आहेत. पण 'या मुलांना डोकंच नाही' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत, आपल्या घरातही सहज बोललं जातं. ते यापुढे बोलताना थांबायला हवं.

मराठी माणसाला तर ही गोष्ट फार ओळखीची वाटावी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणून घेत. सोळाची पावकी चार, पाउणकी बारा, सवायकी वीस, दिडकी चोवीस. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे सगळं थेट दुकानात वापरायचं गणित होतं आणि ते वर्गातच शिकवलं जाई. 1957 नंतर आणे गेले, शेर गेले, दशमान पद्धत आली. ती यायलाच हवी होती. तिच्यासोबत दुकान आणि वर्ग यांच्यातला हा जोडही निघून गेला, याचं मात्र वाईट वाटतं.

(पडद्यावर: मुंबईतली महापालिकेची शाळा. लांब व्हरांडा, व्हरांड्याच्या टोकाला सतरंजी.)

मुलाला येतं ते आणि वर्गात शिकवलं जातं ते, यांच्यातलं अंतर कमी करता येतं का? याचं एक उत्तर मुंबईत सापडलं होतं, आणि तेही वीसहून अधिक वर्षांपूर्वी.

1990 च्या दशकाच्या मध्यात माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत 'प्रथम' ही शिक्षणात काम करणारी संस्था सुरू केली. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीला पोहोचलेली, पण वाचनात आणि साध्या बेरजेत मागे राहिलेली मुलं त्यांना दिसत होती. त्यांच्यासाठी आली 'बालसखी'. त्याच वस्तीतली, शाळा पूर्ण केलेली तरुण मुलगी. जेमतेम दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला 500 ते 750 रुपये. रोज दोन तास पंधरा-वीस मुलं ती वर्गातून बाहेर घेऊन बसायची. जागा मिळेल तिथे, व्हरांड्यातही. पोर्शन संपवायची तिला घाई नव्हती. मूल अक्षरावर असेल तर अक्षरापासून, बेरजेवर असेल तर बेरजेपासून.

2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात याची रीतसर परीक्षा झाली. वडोदऱ्यात तिसरीतल्या फक्त 19.5 टक्के मुलांना पहिलीच्या पातळीचं गणित येत होतं. कुठल्या शाळेत तिसरीला बालसखी द्यायची आणि कुठल्या शाळेत चौथीला, हे सोडतीसारखं ठरवलं. पुढच्या वर्षी उलट. त्यामुळे कोणतीही शाळा पूर्ण वगळली गेली नाही आणि तुलनाही करता आली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, दुसऱ्या वर्षी पहिल्याच्या दुप्पट. सर्वांत मागे असलेल्यांचा फायदा सर्वांत जास्त झाला.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट जरा आडबाजूला आहे. पंधरा-वीस मुलं बालसखीकडे गेली की मूळ वर्ग लहान व्हायचा. प्रशिक्षित शिक्षक, कमी मुलं, शिवाय मागे राहिलेली मुलं बाहेर. या वर्गात उरलेल्या मुलांची प्रगती व्हायला हवी होती. तशी ती आढळली नाही. वर्गात मुलं किती, यापेक्षा शिकवणं कुठून सुरू होतं याला वजन आहे, असं इथे दिसतं.

दोष शिक्षकाच्या माथी मारणं सोपं आहे. पण बिहारमध्ये पुढे जे दिसलं ते ऐका. तिथल्या सरकारी शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीत महिनाभर अशाच पद्धतीने शिबिरं घेतली, आणि मुलं पुढे सरकली. तेच शिक्षक जूननंतर नेहमीच्या वर्गात गेले, तेव्हा नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन काही हललं नाही. वर्गात त्यांच्यापुढे पुस्तक होतं आणि ते संपवायचं होतं. हरियाणात मग रोजचा एक तास वेळापत्रकातच वेगळा काढला. त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवून मुलांना येतं त्याप्रमाणे गट केले, आणि वरिष्ठांनी शाळेत येऊन लक्ष ठेवलं. फरक पडला. उत्तर प्रदेशात दहा-दहा दिवसांची शिबिरं घेतली, तेव्हा परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण शिबिर नसलेल्या शाळांच्या जवळपास दुप्पट झालं.

बालसखीच्या कामालाही मर्यादा होती. ती गेल्यावर वर्षभरात मिळवलेल्यातलं बरंच ओसरलं. एकदा औषध दिलं आणि झालं, असं हे काम नाही.

'असर' या ग्रामीण भारतातल्या शिक्षणाच्या पाहणीत 2022 साली तिसरीतल्या 25.9 टक्के मुलांना हातच्याची वजाबाकी येत होती. 2024 साली 33.7 टक्के. सुधारणा आहे, आणि ती कष्टाने झाली आहे. पण अजूनही तीनातल्या दोघांना ती येत नाही.

(पडद्यावर: जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण. पोत्यावर मांडलेली मेथी, लिंबं, शेवग्याच्या शेंगा.)

महाराष्ट्रातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांत वर्षातून एकदा मुलांचा बाजार भरतो. मुलं घरून भाजी आणतात, कोणी भजी तळून आणतं. गावातली माणसं पिशव्या घेऊन येतात, घासाघीस होते, आणि चौथीतली मुलगी न अडखळता सुट्टे मोजून देते. संध्याकाळी पोती गुंडाळली जातात, फोटो काढून होतात. दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तकाचं पुढचं पान.

त्या दुसऱ्या दिवशी शिक्षकाने एवढंच विचारावं: काल सव्वा किलो वांगी कितीला दिलीस? कशी काढलीस किंमत? सांग, आणि इथे लिही.

(पडद्यावर: खडू धरलेला लहान हात. फळ्यावर आधी 1, मग थोडं थांबून, त्याच्या बाजूला पाव.)