पहिलीच्या वर्गात किती मुले आहेत?

मंडळी, सुरुवात काही तारखांनी करतो. १९५० साली भारताच्या राज्यघटनेने सांगितले की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न व्हावा. म्हणजे मुदत १९६०. १९६०च्याच सुमारास आशियाई देशांनी कराचीत योजना आखली, किमान सात वर्षांचे प्राथमिक शिक्षण सर्वांना, मुदत १९८०. १९६१ साली आफ्रिकेतले देश अदिस अबाबात जमले, त्यांचीही मुदत १९८०च्या आसपासची. १९९० साली थायलंडमधल्या जोमतिएनला जगभरचे प्रतिनिधी आले आणि मुदत ठरली २०००. मग सेनेगलमधले डाकार, तिथे २०१५. मग दक्षिण कोरियातले इंचॉन, तिथे २०३०.

या यादीवरून नियोजन करणाऱ्यांना दोष द्यायला मी उभा नाही. या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत ज्यांच्या घरात कोणी कधी पाटीला हात लावला नव्हता, अशी कोट्यवधी मुले शाळेत आली. ती आपोआप आली नाहीत. पण मुदत पुन्हापुन्हा पुढे का ढकलावी लागली, हे विचारायला हवे. माझे उत्तर तुम्हाला फार साधे वाटेल. आपण पट मोजत राहिलो, आणि पहिलीच्या वर्गात प्रत्यक्ष काय चालले आहे याकडे योजना आखताना पाहिलेच नाही.

आफ्रिकेतल्या मलावी या देशाचे उदाहरण घेऊ. १९९४ साली तिथे बहुपक्षीय निवडणूक झाली आणि नव्या सरकारने प्राथमिक शिक्षणाची फी रद्द केली. शाळा सुरू व्हायला अवघे काही महिने उरले होते. प्राथमिक शाळांचा पट सुमारे एकोणीस लाखांवरून तीस लाखांच्या घरात गेला. लोकांना शिक्षण नको होते असे म्हणणाऱ्यांना त्या एका वर्षाने उत्तर दिले, आणि तो निर्णय मी चुकीचा मानत नाही. पण एवढ्या मुलांना शिकवणार कोण? सुमारे वीस हजार नवे शिक्षक घेतले गेले. बहुतेकांना काही आठवड्यांच्या तोंडओळखीवर वर्गात उभे केले गेले. फी एका घोषणेत रद्द होते, इमारत वर्षभरात उभी राहते, शिक्षक घडायला मात्र कित्येक वर्षे लागतात.

बरे, आलेली मुले गेली कुठे? मुख्यतः खालच्या वर्गांत. पहिलीत एकेका शिक्षकापुढे शंभराहून जास्त मुले, पुष्कळ ठिकाणी झाडाखाली. वरच्या वर्गांत पट झपाट्याने उतरत जाई. आणि शाळेतला सर्वांत अनुभवी शिक्षक, पक्के छप्पर, हाताशी असलेली पुस्तके हे सगळे वरच्या वर्गांकडे, कारण परीक्षा तिथे, शाळेचे नाव तिथे. पहिली येई सर्वांत नवख्या माणसाच्या वाट्याला. हे फक्त मलावीत घडत नाही. विकसनशील देशांतल्या अनेक शाळांत ही वाटणी इतकी रुळली आहे की ती कोणी ठरवली असे कोणाला वाटतही नाही.

आता थोडे गणित करू. समजा एका भागात सहा वर्षांची एक हजार मुले आहेत आणि पहिलीचा पट आहे सोळाशे. अहवालात हा आकडा फार चांगला दिसतो, नोंदणीचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर गेलेले असते. वरची सहाशे कोण? काही गेल्या वर्षीचीच, न शिकल्यामुळे तिथेच राहिलेली. काही चार-पाच वर्षांची, कारण बालवाडी नाही आणि आईला शेतावर जायचे आहे, म्हणून मोठ्या बहिणीबरोबर येऊन बसलेली. सगळ्यांना वर ढकलायचे असा नियम असला, तर राहिलेल्या मुलाची नोंदही ‘नवा प्रवेश’ अशी होते. मुख्याध्यापकाला तेच सोयीचे.

नियोजन कार्यालयात ही सोळाशे खरी धरली जातात. दुसरीत साडेनऊशेच दिसली की साडेसहाशेची गळती लिहिली जाते. मग गळती थांबवायला मोहीम निघते, पालकांना समजावण्याचे कार्यक्रम होतात. त्या साडेसहाशेंतली बरीच मुले कुठेही गेलेली नसतात. ती पहिलीतच बसलेली असतात, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. खरी गळती पुढे होते, दहा-अकरा वर्षांचा मुलगा अजून तिसरीत असतो तेव्हा. तोवर त्याच्यावर तीन वर्षांऐवजी पाच वर्षांचा खर्च झालेला असतो आणि त्याला वाचता येत नसते. देश गरीब आहे म्हणून पहिलीकडे लक्ष देणे परवडत नाही, हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. मला वाटते, देश गरीब आहे म्हणूनच दुर्लक्ष परवडत नाही.

पुस्तके दिली की भागेल का? पश्चिम केनियात १९९०च्या दशकात काही शाळांना मोफत पाठ्यपुस्तके देऊन काळजीपूर्वक अभ्यास झाला. सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती, आणि तिथल्या बहुतेक मुलांसाठी ती तिसरी भाषा. पुस्तक हातात होते, पण ते वाचण्याइतकी तयारी खालच्या वर्गांत झालीच नव्हती.

क्रम नीट लावता येतो, हे इंडोनेशियाने दाखवले. तेलाचा पैसा हाती आला तेव्हा १९७३ ते १९७९ या काळात तिथे एकसष्ट हजारांहून जास्त प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. कोणत्या जिल्ह्याला किती शाळा, हे शाळेबाहेर किती मुले आहेत यावरून ठरले. शिक्षकभरती बरोबरीने चालली. आणि प्राथमिकची फी काढून टाकली ती १९७८ साली, वर्गखोल्या बऱ्याच झाल्यावर. त्या शाळांत शिकलेल्यांचे शिक्षण जास्त वर्षे झाले आणि पुढे मजुरीही वाढली, असे नंतरच्या संशोधनात दिसले. सगळ्यांकडे तेल नसते, हे मान्य. पण शाळा कोणाला आधी द्यायची याचा निकष ठरवायला तेल लागत नाही.

तुमच्यापैकी जे शिक्षण खात्यात आहेत त्यांना माझी विनंती एवढीच आहे. पुढचा आराखडा हाती घ्याल तेव्हा आधी एक तक्ता मागवा: पहिलीतल्या मुलांची वये आणि प्रत्येकाचे पहिलीतले हे कितवे वर्ष. हजेरीपटावरून नको, काही शाळा निवडून घरी जाऊन आईला विचारून. मग चांगल्या शिक्षकांतले काही पहिली-दुसरीकडे वळवा, तिथे घरची भाषा चालू द्या, आणि बालवाडीचा खर्च प्राथमिकच्याच अंदाजपत्रकात धरा.

कोणी विचारील, वरच्या वर्गांचे निकाल घसरतील त्याचे काय? चार-पाच वर्षे कदाचित घसरतील. ते मंत्र्यांना आराखडा मंजूर होण्याआधी सांगावे, लेखी सांगावे, आणि त्याच कागदावर लिहावे की या वर्षी पहिलीत बसलेले मूल परीक्षेच्या वर्गात कोणत्या साली पोहोचेल.