निळे गोंदण

मित्रहो, सोलापुरात उभे राहून इंग्लंडमधल्या एका कोळशाच्या गावाविषयी बोलायचे, तर सुरुवात भोंग्यापासूनच करायला हवी. माझ्या वडिलांचे बालपण याच शहरात गिरणीच्या भोंग्यावर गेले. १९६५ साली ते डॉक्टर म्हणून नॉर्थंबरलंडमधल्या अ‍ॅशिंग्टनला रुजू झाले आणि पहिल्याच पहाटे कोलियरीचा, म्हणजे कोळशाच्या खाणीचा, भोंगा ऐकून आईला म्हणाले, ''इथे आपले जमेल.'' मी तेव्हा सहा वर्षांची होते. ब्रिटनमध्ये १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली खरी, परंतु खाणींच्या मुलखात दवाखाना चालवायला तिथले डॉक्टर फारसे राजी नसत, आणि अशा कितीतरी जागा पुढे भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी भरून काढल्या. आमचे बिऱ्हाड दवाखान्याच्या माडीवर होते आणि खिडकीखालून कामगारांच्या विटांच्या घरांच्या रांगा सुरू होत. त्यांतल्या काही रांगांना नाव म्हणून नुसता क्रमांक होता: पहिली रांग, दुसरी रांग, असे करत अकरावीपर्यंत.

त्या गावात मी तेरा वर्षे वाढले आणि तेवढ्या काळात खाण मला एकदाही दिसली नाही. लोखंडी सांगाडा दिसे, त्यावर फिरणारी चाके दिसत, पण ज्याच्या जिवावर गाव उभे होते ते सगळे पायाखाली होते. १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखालच्या कामापासून दूर केले होते. ते योग्यच झाले. तेव्हापासून बायकामुलांना खाण कळे ती वर आलेल्या गोष्टींवरून. तशी ती मला कशी कळत गेली, एवढेच आज सांगणार आहे.

सर्वांत आधी आला तो कोळसा. खाणकामगाराला पगाराव्यतिरिक्त घरापुरता कोळसा मिळत असे आणि गाडी तो घरामागच्या बोळात ओतून निघून जाई. बोळात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून धुणे वाळत घातलेले असे, त्यामुळे गाडीचा आवाज आला की बायका धावत बाहेर येत आणि पांढऱ्या चादरी भराभरा उतरवून घेत. मग ढिगाऱ्याशी आम्हा मुलांचे काम सुरू होई. भिंतीत छातीइतक्या उंचीवर कोठीचे लहानसे दार असे आणि त्यातून फावड्याने कोळसा आत टाकायचा. म्हाताऱ्या किंवा एकट्या बाईचा कोळसा आधी भरायचा, असे आम्हाला कुणी शिकवले नव्हते, पण तसे न करणारा मुलगा मला आठवत नाही. मोठे ढेकूळ फुटले की आतला पृष्ठभाग काचेसारखा चमके, आणि हात कितीही धुतले तरी नखांच्या कडांना काळी रेघ राही.

शेजारी एक निवृत्त कामगार राहत. तिकडे आजोबांना 'ग्रँडा' म्हणतात, म्हणून मीही त्यांना ग्रँडाच म्हणे. त्यांच्या चुलीपुढे एक बुटके लाकडी आसन असे, त्याला 'क्रॅकेट' म्हणत. कोळशाचा थर जिथे इतका बुटका असे की उभे राहताच येत नसे, तिथे त्यावर बसून माणसे कोळसा तोडत. आईने ते पाहिले आणि तिला आपला पाट आठवला; मी त्या घरी गेले की तीच माझी जागा ठरलेली असे. ग्रँडांचा मुलगा पाळी संपवून आला की डब्यातला ब्रेडचा एक तुकडा मुद्दाम शिल्लक ठेवून आणी. शिदोरीला ते लोक 'बेट' म्हणत आणि सोबत्याला 'मारा'. खालून आलेला तो तुकडा घरच्या ब्रेडपेक्षा चवदार लागतो, यावर गल्लीतल्या सर्व मुलांचे एकमत होते.

ग्रँडांच्या हातांवर, कपाळावर आणि एका कानामागे निळ्या रेघा होत्या. माझ्या आजीच्या हनुवटीवर आणि मनगटांवर गोंदण होते, म्हणून मी त्यांना विचारले, ''हे तुम्ही कुणाकडून गोंदवून घेतले?'' त्यांनी माझे बोट धरून एका रेघेवरून फिरवले. कातडीखाली बारीक कण हाताला लागत होते. कोळसा तोडताना जखम होई, तिच्यात भुकटी जाई, आणि जखम भरून आली तरी भुकटी आतच राही. प्रत्येक रेघ कुठल्या थरात आणि कोणत्या दिवशी उमटली, हे त्यांना तोंडपाठ होते. बाहेरून दिसणारी ही निशाणी त्यामानाने सुसह्य म्हणायची. वडील संध्याकाळी क्ष-किरण चित्रे खिडकीच्या उजेडासमोर धरत, तेव्हा छातीतले पांढरे ठिपके मीही पाहिले आहेत. न्युमोकोनिओसिस, म्हणजे धुळीने फुप्फुसांना जडणारा आजार, हा शब्द मी शाळेत शिकण्याच्या कितीतरी आधी घरी ऐकला. ग्रँडा दारापासून बोळाच्या टोकापर्यंत जाताना तीनदा थांबत, आणि दर वेळी कुणाच्या तरी कबुतरांची चौकशी करत, जणू थांबण्याचे कारण तेच असावे.

मी बारा वर्षांची असताना त्यांनी मला अर्सडनच्या चर्चच्या आवारात नेले. १६ जानेवारी १८६२ रोजी तिथून जवळच असलेल्या हार्टली कोलियरीत पाणी उपसणाऱ्या इंजिनाची बिडाची प्रचंड तुळई मोडून खाणीच्या विहिरीत कोसळली. त्या खाणीला वर येण्याची तेवढी एकच वाट होती. आत अडकलेली माणसे विषारी वायूने गेली. एकूण मृत्यू २०४. त्याच वर्षी प्रत्येक खाणीला दोन वाटा असल्या पाहिजेत असा कायदा झाला. स्मारकाच्या दगडावर एकच आडनाव पुन्हा पुन्हा येत होते, आणि काही नावांपुढचे वय माझ्याच वयाएवढे होते. ग्रँडा काही बोलले नाहीत. परतताना बसमध्ये त्यांनी मला पेपरमिंट दिले.

गाव दुःखातच बुडालेले होते, असा समज मात्र कृपया करून घेऊ नये. बॉबी आणि जॅक चार्ल्टन हे दोघे भाऊ याच गावचे, एका खाणकामगाराचे मुलगे. १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडच्या पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बॉबीने दोन्ही गोल केले, त्या वेळी त्यांचे वडील पाळीवर खाली होते. यात कुणाला काही विशेष वाटले नाही, आणि मला आज तीच गोष्ट विशेष वाटते.

खाणीचे आतले रूप मला पहिल्यांदा दाखवले ते चित्रांनी. १९३४ साली अ‍ॅशिंग्टनच्या कामगारांनी कलेची ओळख करून घेण्यासाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. शिक्षक रॉबर्ट लायन यांच्या लक्षात आले की जुन्या उस्तादांची चित्रे दाखवून फारसे साधत नाही, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांच्याच हातात कुंचले दिले. दिवसा कोळसा काढणाऱ्या त्या माणसांनी आपली कबुतरे, आपले परसू, आपल्या बायका आणि आपले काम रंगवले. ती चित्रे आता वुडहॉर्नच्या संग्रहालयात आहेत. त्यांतली वाकलेली पाठ आणि दिव्याच्या उजेडापुरते जग पाहताना मला पहिल्यांदा कळले, की ग्रँडा घरातसुद्धा खुर्ची सोडून क्रॅकेटवर का बसत.

मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभराचा संप झाला, तेव्हा मी न्यूकॅसलला नोकरी करत होते. आई रोज सामुदायिक स्वयंपाकघरात बटाटे सोलायला जाई. १९८८ साली अ‍ॅशिंग्टनची खाण बंद झाली आणि भोंगाही थांबला. वडिलांना त्यानंतर कित्येक महिने पहाटे नेमकी त्याच वेळी जाग येत असे.

काही वर्षांपूर्वी यॉर्कशायरमध्ये, वेकफिल्डजवळच्या राष्ट्रीय कोळसा खाण संग्रहालयात, मी अखेर खाली उतरले: १४० मीटर. उतरण्याआधी काडेपेटी आणि बॅटरीवर चालणारे सगळे काढून घेतात आणि हातात एक पितळी बिल्ला देतात. वर किती आले आणि खाली किती राहिले, हे पूर्वी अशाच बिल्ल्यांवरून कळत असे. आमचा वाटाड्या स्वतः जुना खाणकामगार होता. त्याने सर्वांना दिवे विझवायला सांगितले, आणि मी डोळ्यांसमोर धरलेला माझा हात मला दिसेना. वर आल्यावर त्याने बिल्ले परत घेऊन मोजले. एक कमी भरला. त्याचा चेहरा एकदम बदलला. आम्हा सर्वांना तिथेच थांबवून, एकेका चेहऱ्याकडे पाहत त्याने पुन्हा मोजायला सुरुवात केली, आणि माझ्या शेजारच्या मुलाने खिशातून आपला बिल्ला काढून त्या निळ्या रेघा असलेल्या तळहातावर ठेवला, तेव्हाच त्याने आम्हाला जाऊ दिले.